लग्नाची तारीख पुढे गेली तरी चालेल, बलूनची नको

राजापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझी मुलगी २३ वर्षांची. बी.कॉम. झाली, पतसंस्थेत नोकरीला आहे. मे महिन्यात लग्न ठरलंय. गणपतीपासून तिला पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना दम लागायचा. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. मग रात्री झोपेतून उठून बसायला लागली. एकदा खोकल्यातून रक्ताची रेघ आली. टीबीची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. रत्नागिरीला टू-डी इको केली तेव्हा वॉल्व्ह अरुंद झालाय, बलून करावं लागेल, असं सांगितलं. दहा वर्षांची असताना तिचे गुडघे-घोटे सुजले होते. तेव्हा वर्षभर इंजेक्शनं घेतली आणि बरी झाली म्हणून बंद केली. माझ्या सासऱ्यांचाही (वय ७६) वॉल्व्ह खराब आहे, त्यांना दोनदा चक्कर येऊन पडायला झालं. हा घराण्यातला आजार आहे का? धाकटा मुलगा सातवीत आहे, त्याचा घसा सारखा धरतो, त्यालाही होईल का? बलून लग्नानंतर केलं तर चालेल का? मुलाकडच्यांना आत्ताच सांगायला हवं का? नणंद म्हणते, अर्जुनाचा काढा द्या, वॉल्व्ह मोकळा होईल. दोघांच्या इकोचे कागद सोबत पाठवते."

ताई,

आधी सरळ उत्तरं देतो, कारणं मागून. बलून, म्हणजे अरुंद झडप (वॉल्व्ह) आतून फुगा फुगवून मोकळी करण्याचा उपचार, लग्नाच्या आधी करून घ्या, आणि जमेल तितक्या लवकर. मुलाकडच्यांना सांगा. लग्न मोडावं असा हा आजार नाही, पण लपवून निभावेल असाही नाही. काढ्याने ही झडप उघडणार नाही. सासऱ्यांचा आजार मुलीच्या आजारापेक्षा वेगळा आहे, आणि त्यांचंही काम घाईचंच आहे.

आता मुलीच्या इकोचा कागद वाचू, कारण सगळं त्यावर ठरतं. फुफ्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात जमतं आणि मायट्रल झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं. निरोगी मोठ्या माणसात ही झडप उघडली की ४ ते ६ चौरस सेंटीमीटरची वाट मिळते. तुमच्या कागदावर "एमव्हीए ०.९" आहे, म्हणजे वाट एक चौरस सेंटीमीटरच्याही आत आली आहे. दीड किंवा त्याखाली गेली की आजार तीव्र धरतात, एक किंवा त्याखाली गेली की अतितीव्र. "मीन ग्रेडियंट १४" म्हणजे झडपेच्या वर आणि खाली दाबात सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याचा फरक पडतो आहे. चांगल्या झडपेत असा फरक जवळजवळ नसतोच. "एलए ४७ मि.मी." हा वरच्या डाव्या कप्प्याचा आकार. तो साधारण ४० च्या आत असतो. रक्त तुंबून तुंबून तो ताणला आहे. "पीएएसपी ६२" हा फुफ्फुसाच्या धमनीतला दाब. तो ३५ च्या आसपास किंवा कमी असायला हवा.

त्याच कागदावर "एलव्हीईएफ ६० टक्के" आहे, आणि तुम्ही लिहिता की एका नातेवाइकाने हाच आकडा बघून "हार्ट तर ठणठणीत आहे" असं सांगितलं. या आकड्यावर इथे विसंबू नका. तो खालच्या डाव्या कप्प्याचा जोर सांगतो, आणि मायट्रल झडप अरुंद असताना त्या कप्प्यावर भार येतच नाही, उलट त्याला रक्त कमी मिळतं. भार येतो वरच्या कप्प्यावर, त्याच्या मागे फुफ्फुसांवर आणि शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूवर. म्हणून झडप ०.९ असतानाही हा आकडा ६० दिसतो.

पाखाडी चढतानाच दम का लागतो, तेही यातूनच कळतं. हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये जेवढा वेळ सैल राहतं तेवढ्याच वेळात रक्त झडपेतून उतरतं. मिनिटाला ७० ठोके असताना तो वेळ जवळपास अर्धा सेकंद असतो. १२० झाले की निम्म्याहूनही कमी उरतो. वाट आधीच अरुंद, त्यात वेळही कमी, मग रक्त वर तुंबतं, फुफ्फुसांत दाब चढतो आणि श्वास कोंडतो. आडवं झाल्यावर पायांतलं रक्त वर येतं, म्हणून ती रात्री उठून बसते. फुफ्फुसातल्या दाबाने बारीक शिरा फुटल्या की थुंकीत रक्त येतं. टीबीची तपासणी केलीत ते योग्यच झालं. पण खोकल्यातून रक्त आणि चढावर दम असं दोन्ही एकत्र असेल, टीबी निघत नसेल, तर इको व्हायलाच हवी.

हे झालं कशामुळे? दहाव्या वर्षी सुजलेल्या त्या गुडघ्या-घोट्यांमुळेच. त्याला संधिवाताचा ताप म्हणतात. लहान मुलांचा, बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या वयात, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूने घसा बाधतो. शरीर त्याच्याशी लढायला जी प्रतिपिंडं तयार करतं, ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जातात, कारण जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या ऊतींशी मिळतंजुळतं असतं. घसा बरा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, दोन दिवसांनी घोटा, मग मनगट, असं दुखणं फिरतं. सांधे पूर्ण बरे होतात, मागे काही ठेवत नाहीत, म्हणून घरच्यांना वाटतं की आजार गेला. झडपेला मात्र व्रण राहतो. पुढे जिवाणू पुन्हा घशात आला की पुन्हा झटका बसतो, कधी इतका सौम्य की कुणाच्या लक्षातही येत नाही. दर वेळी झडपेच्या दोन पाकळ्या कडांना अधिक चिकटतात, जाड होतात, खालचे दोर आखडतात. शेवटी ती उघडते ती माशाच्या तोंडाएवढी. इको करणारे डॉक्टरही तिचं वर्णन असंच करतात. मुलींत आणि बायकांत हा अरुंदपणा जास्त दिसतो.

म्हणजे इंजेक्शनं वर्षभराने थांबली, तिथे वाट चुकली. याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नका. सांधे बरे झाल्यावर इंजेक्शन कशाला, असं कुणालाही वाटेल, आणि ते किती वर्षं घ्यायचं हे तेव्हा कुणी नीट समजावलं नसणार. पण यापुढे ते चुकता कामा नये. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता बलून. कागदावर "विल्किन्स ७/१६" असं आहे, ते तुमच्या दृष्टीने सगळ्यांत चांगलं वाक्य. पाकळ्या किती हलतात, किती जाड आहेत, खालचे दोर किती आखडलेत आणि कॅल्शियम किती साठलंय, या चार गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. बेरीज ८ किंवा कमी असेल तर बलून चांगलं काम करतं. झडप गळते आहे, पण "माइल्ड". मध्यम किंवा जास्त गळती असती तर बलून टाळलं असतं, कारण फुगा फुगवल्यावर गळती वाढू शकते. हृदयाची लयही नियमित आहे. एकूण तुमची मुलगी बलूनसाठी योग्य आहे, आणि दोन-तीन वर्षं थांबून कॅल्शियम साठलं, लय बिघडली, तर ती तशी राहीलच असं नाही.

प्रत्यक्षात काय करतात ते तिला आधी सांगून ठेवा, भीती निम्मी होते. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी घशातून नळी घालून एक इको करतात, त्याआधी काही तास उपाशी राहावं लागतं. वरच्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी आहे का, ते त्यात दिसतं. बाहेरून केलेल्या इकोत "नो क्लॉट" लिहिलं असलं तरी ही तपासणी टाळायची नाही, कारण तो कोपरा छातीवरून नीट दिसत नाही. गुठळी निघाली तर काही आठवडे ते महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देऊन, पुन्हा बघून मगच बलून करतात. गुठळी असताना फुगा आत नेला तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते.

बलूनसाठी छाती उघडत नाहीत, बहुतेक वेळा पूर्ण भूलही देत नाहीत. जांघेत भुलीचं इंजेक्शन देऊन तिथल्या शिरेतून तार हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डाव्या कप्प्यात शिरतात आणि फुगा झडपेत बसवतात. जपानच्या कांजी इनोउए या शल्यचिकित्सकांनी हा फुगा तयार केला. १९८० च्या दशकापासून तो वापरात आहे. फुग्याचा आकार रुग्णाच्या उंचीवरून ठरवतात. उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन दहाने भागायची आणि त्यात दहा मिळवायचे. तुमची मुलगी १५५ सेंटीमीटर असेल तर साधारण २५-२६ मिलिमीटर. फुगवतात ते काही सेकंदच. त्या वेळी छातीत धडधडेल, डोकं हलकं वाटेल, ते लगेच ओसरतं. चिकटलेल्या कडा सुटतात, वाट बहुतेकांत दुप्पट किंवा त्याच्या आसपास होते. दीडच्या वर गेली आणि गळती वाढली नाही, तर काम चांगलं झालं असं समजायचं. दम त्याच दिवसापासून हलका होतो. पाय काही तास सरळ ठेवावा लागतो, आणि सगळं ठीक असेल तर दोन-तीन दिवसांत घरी. पडद्यातलं छिद्र बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप बुजतं.

धोकाही सांगायला हवा. काही रुग्णांत पाकळीच फाटते आणि गळती एकदम वाढते. क्वचित तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून जिथे हृदयशस्त्रक्रियेची सोय त्याच इमारतीत आहे अशाच ठिकाणी बलून करा. आणि बलून म्हणजे आजाराचा शेवट नव्हे. दहा-पंधरा वर्षांनी, कुणाला त्याआधीही, झडप पुन्हा अरुंद होऊ शकते. तेव्हा पुन्हा बलून किंवा शस्त्रक्रिया करतात. वर्षातून एकदा इको कायमची.

"एकदाच झडप बदलून का टाकू नये?" असं तुमच्या भावाने विचारलंय. तेवीस वर्षांच्या, पुढे मूल हवं असलेल्या मुलीला आम्ही हा सल्ला देणार नाही. धातू-कार्बनची यांत्रिक झडप टिकाऊ असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली देशी झडप १९९० पासून वापरात आहे, चांगली चालते. पण यांत्रिक झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गोळी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हाडांना आणि चेहऱ्याला इजा करू शकते. बंद केली तर आईच्या झडपेत गुठळी. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी कायम लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षं टिकते, तरुण शरीरात त्याहूनही कमी. स्वतःची झडप वाचवता येते तोवर वाचवावी.

बलून होईपर्यंत जपायच्या गोष्टी अशा. ठोके मंद ठेवणारी गोळी आणि पाणी काढणारी गोळी, या दोन्ही वेळेवर. लघवी फार होते म्हणून पाण्याची गोळी बंद करू नका. नोकरीची अडचण होत असेल तर कोणत्या वेळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून बदला. मीठ दिवसाला सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. आपल्याकडे मीठ आमटीपेक्षा दुसरीकडूनच जास्त जातं: सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, खारातली कैरी, पापड, सांडगी मिरची. सोलकढी आगळाची असेल तर त्यात आधीच भरपूर मीठ असतं, वरून घालू नका. तिच्यासाठी मीठ न लावलेली सुकी आमसुलं भिजवून कढी करा. ताजी मासळी खुशाल खाऊ दे. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पायांवर सूज आली तर डॉक्टरांना फोन करा. विहिरीवरून कळशी आणणं, लाकडाची मोळी वाहणं, पाखाडी भरभर चढणं बंद. सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी गावात हमखास होते आणि जिने अशा मुली खरोखर अत्यवस्थ होतात. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. तुमच्या मुलीला विचारल्याशिवाय सलाईन लावू देऊ नका. वाट अरुंद असताना शिरेतून भराभर पाणी गेलं की ते फुफ्फुसांत साठतं. तसंच, दम लागतो म्हणून दम्याचा पंप कुणी दिला तर घेऊ नका, त्यातलं औषध ठोके वाढवतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांचंही तेच. ताप आला तर अंगावर काढू नका, कारण तापात ठोके वाढतात. हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर हृदयाला जास्त धावावं लागतं.

नाडी बघायला तिला शिकवा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायची. ठोके किती आहेत यापेक्षा ते एकसारख्या अंतराने पडतात का, हे बघायचं. लय अचानक वेडीवाकडी झाली, छातीत फडफड झाली, तर त्याच दिवशी ईसीजी. वरचा कप्पा ताणला की तो नीट आकसायचा सोडून थरथरायला लागतो आणि त्यात गुठळी धरते. तसं झालं तर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागेल, आणि ती जुनीच: वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या अरुंद मायट्रल झडपेत वापरायच्या नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांना जुनीच गोळी जास्त लाभली. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा. ही गोळी चालू असताना पालेभाजी बंद करायची नसते, पण दर आठवड्याला सारखी खायची असते. आपल्याकडे पावसात टाकळा, शेवग्याचा पाला, अळू रोज शिजतं आणि मग महिनेच्या महिने काहीच नाही. त्या चढउतारात आयएनआर ढळतो. पाऊस सुरू झाला की तपासणी जरा लवकर करायची. सध्या तिला ही गोळी लागत नाही, पण घरात माहीत असू द्या.

आडवं होताच येत नाही, गुलाबी फेस येतो, तोंड वाकडं होतं, एक हात गळतो, बोलणं अडखळतं, यांतलं काही दिसलं तर घरात वाट न बघता १०८ ला फोन. बसवून न्या, झोपवून नको.

आता इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, कमरेत खोल स्नायूत, दर २१ दिवसांनी. महिन्याने नव्हे, कारण चौथ्या आठवड्यात रक्तातलं प्रमाण पुरेसं उरत नाही. हे झडपेवरचं औषध नाही. घशात तो जिवाणू पुन्हा बसू नये म्हणून आहे. मात्र इथे थांबून एक गोष्ट विचारा. झडप इतकी अरुंद असताना आणि दम लागत असताना इंजेक्शनच्या कळेने, भीतीने रक्तदाब एकदम पडू शकतो आणि ते हृदयाला झेपत नाही. २०२२ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेचा सल्ला असा आहे की अशा रुग्णांना इंजेक्शनऐवजी तोंडाने घ्यायची पेनिसिलिनची गोळी, दिवसातून दोनदा, द्यावी. म्हणून बलून होईपर्यंत गोळी आणि वाट मोकळी झाल्यावर इंजेक्शन, असं चालेल का, हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. आधी कधी पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही सांगा. त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत.

इंजेक्शन सुरू झालं की उपाशीपोटी जायचं नाही. पाणी पिऊन जायचं, आडवं होऊन घ्यायचं आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं. औषध दाट असतं, सुईत अडकतं, म्हणून बाटली नीट हलवून, जाड सुईने, सावकाश द्यावं लागतं. द्यायच्या जागी आधी अंगठ्याने दहा सेकंद घट्ट दाबलं तर कळ कमी येते. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या आजच लिहून टाका. गणपतीत, शिमग्यात दवाखाना बंद असेल तर दोन दिवस आधी घ्या, नंतर नको. झडपेला इजा झालेल्यांनी ते निदान वयाच्या चाळिशीपर्यंत घ्यायचं असतं, काहींना पुढेही. बलून झालं, झडप बदलली, तरी सुटत नाही. गरोदरपणातही चालतं.

दात किडले असतील तर बलूनआधीच दाखवून घ्या. खराब झडपेवर तोंडातले जिवाणू रक्तातून जाऊन बसतात आणि झडप कुरतडतात. विनाकारण आठ-दहा दिवस ताप रेंगाळला तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करायला सांगा.

लग्नाचं. ताई, मुलाकडच्यांना कळलं तर मोडेल, ही तुमची भीती आम्हाला समजते. पण दर २१ दिवसांचं इंजेक्शन आणि रोजची गोळी नव्या घरात लपवायची कशी? लपवायला गेली की पहिलं सुटतं ते इंजेक्शन. आणि दिवस गेले तर? गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, ठोके वाढतात, सातव्या-आठव्या महिन्यात हा भार सगळ्यांत जास्त असतो. बाळ बाहेर आल्याक्षणी गर्भाशय आकसतं आणि त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. ०.९ च्या झडपेला हे सोसत नाही. आई दगावण्याचा धोका इतका असतो की अशा स्थितीत दिवस राहू देऊ नयेत असंच सांगतात. सासरी माहीत नसेल तर पहिल्या वर्षीच पाळणा हलावा म्हणून आग्रह होणार, आणि मुलगी गप्प बसणार.

म्हणून क्रम असा ठेवा: बलून, मग लग्न, मग तीन-चार महिन्यांनी पुन्हा इको, आणि हृदयरोगतज्ज्ञांनी हो म्हटल्यावर मूल. झडप दीडच्या वर मोकळी झाली, फुफ्फुसातला दाब उतरला, तर बहुतेक मुली गरोदरपण आणि बाळंतपण नीट पार पाडतात. बाळंतपण मात्र हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच. तोवर दिवस राहू नयेत यासाठी निरोध किंवा तांबी. माला-एन, माला-डी यांसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत, गुठळीचा धोका वाढतो. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घरी बोलवा, मुलीलाही तिथे बसू द्या आणि सांगा: लहानपणी घशाच्या आजारातून झडप अरुंद झाली, अमुक तारखेला उपचार आहे, नंतर संसार करता येईल, इंजेक्शन मात्र चालू राहील. शंका असेल तर मुलाला एकदा तपासणीला सोबत न्या. नवऱ्या मुलाने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. जत्रेत देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर अवश्य घाला, फक्त बलूनची तारीख कौलावर पुढे ढकलू नका.

अर्जुनाच्या काढ्याबद्दल नणंदेला राग न येईल असं सांगा की चिकटलेल्या कडा कुठल्याच औषधाने सुटत नाहीत, आमच्या गोळ्यांनीसुद्धा नाही. त्या फक्त ठोके आणि पाणी आवरतात.

सासऱ्यांकडे वळतो. त्यांच्या कागदावर "एऑर्टिक स्टेनोसिस, पीक व्हेलॉसिटी ४.४, मीन ग्रेडियंट ४८" आहे. ही दुसरीच झडप, हृदयातून रक्त शरीराकडे जाताना लागणारी. वयाबरोबर तिच्यावर कॅल्शियम चढतं आणि ती ताठ होते. काहींची जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असते, त्यांना हे लवकर होतं. नातीला आजोबांकडून काही आलेलं नाही. पण झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर, ग्रेडियंट ४० च्या वर म्हणजे तीव्र, आणि त्यात चक्कर येऊन पडणं ही थांबायची वेळ नव्हे. चक्कर, छातीत दुखणं, दम, यांतलं काही सुरू झाल्यावर झडप न बदलता माणूस सरासरी दोन ते पाच वर्षंच काढतो. यावर औषध नाही. झडप शस्त्रक्रियेने बदलतात, किंवा जांघेतल्या धमनीतून नवी झडप नेऊन आतच बसवतात. फ्रान्समध्ये २००२ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा माणसावर वापरली गेली आणि वयस्क लोकांना ती मानवते. इथे साधा फुगा फार दिवस टिकत नाही, म्हणून "नातीसारखंच बलून करा" असं मागू नका. तोवर त्यांनी चढ चढायचा नाही, जड उचलायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने वाढवायच्या नाहीत, आणि छातीत दुखलं म्हणून जिभेखालची गोळी स्वतःहून ठेवायची नाही. या आजारात त्याने दाब एकदम कोसळू शकतो.

धाकट्याचं. झडपेचा आजार लागत नाही, घशाचा जिवाणू मात्र खोकल्यातून लागतो, एका खोलीत झोपणाऱ्यांना जास्त. काही घराण्यांत शरीराचा त्याला असं उलटं उत्तर देण्याकडे कल असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष हवंच. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुतेक साधी सर्दी. पण ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याच्या पुढच्या गाठी दुखऱ्या आणि खोकला नाही, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. त्यांनी प्रतिजैविक दिलं तर पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात, तिथेच घात होतो. घसा बिघडल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाताचा ताप टळतो. त्याची एकदा इको करून घ्या. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना बहिणीचा आजार सांगा. ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत (योजनेत नोंदलेल्या) रुग्णालयात होतात. जाण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी (योजनेच्या मदतनिसाशी) फोनवर बोला, बलून आणि आजोबांची झडप यांपैकी काय त्यांच्याकडे योजनेत बसतं ते विचारा. रेशन कार्ड, दोघांची आधार कार्डं, दोन्ही इकोचे मूळ कागद आणि सीडी, ईसीजी, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि मुलीच्या दहाव्या वर्षीचा एखादा जुना कागद सापडला तर तोही, सगळं एका पिशवीत ठेवा. रेशन कार्डावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर मंजुरी अडते, ते आताच बघून घ्या. लग्नानंतर नाव रेशन कार्डावरून निघतं, नव्या घरच्या कार्डावर चढायला महिने जातात. बलून आधी करण्याचं हेही एक कारण धरा. मुंबई, कोल्हापूर की गोव्यातलं बांबोळी, तुम्हाला जिथे राहायची सोय आहे तिथे जा. आजोबांची वेळ त्याच आठवड्यातली मागा, म्हणजे दोन फेऱ्या पडणार नाहीत. गाडीत खालचा बर्थ घ्या, आणि मुलीला आडवं झाल्यावर दम लागत असेल तर पाठीशी दोन उशा देऊन बसवून न्या.